मी वारलो तो सीझन

४ ऑक्टोबर, सकाळ

सीझन सोमवारपासून. सगळ्या खोल्या झाडून तयार. पडदे धुतले. सात नंबरचा गीझर सोडला तर लॉज एकदम टकाटक. गीझर याच आठवड्यात, नक्की.

या वर्षी मोठा निर्णय घेतला. टॅक्सीवाल्यांचं कमिशन बंद. स्टँडवरून गिऱ्हाईक आणून सोडायचं, त्याच्याकडून भाडं घ्यायचं, आणि वर मागच्या दाराने येऊन आमच्यापुढेही हात पसरायचा, हे कुठवर चालायचं? काल स्टँडवर जाऊन सगळ्यांदेखत स्पष्ट सांगून आलो. त्यांच्या म्होरक्याला सगळे 'सज्जन' म्हणतात, कारण तो पॅसेंजरसाठी स्वतः उतरून दार उघडतो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी 'बरं साहेब' एवढंच म्हणाला आणि गाडीची काच पुसायला लागला. माझ्या ठामपणाचा परिणाम झालेला दिसला.

बायको म्हणाली, घाई केलीत. हिला तत्त्वाचं काही पडलेलं नाही.

लॉज तसं तिचंच. सासऱ्यांनी जाताना मोठं हॉटेल थोरलीला दिलं आणि हे लॉज हिला. थोरलीचा नवरा, म्हणजे माझा साडू. त्याच्याकडे लिफ्ट आहे. बायको म्हणते, हाही सीझन कोरडा गेला तर जानेवारीपासून लॉज भाऊजींना चालवायला देऊन टाकते. हे ती दर वर्षी म्हणते. पण दर वर्षी भांडी घासता घासता म्हणते. या वेळी खाली बसून म्हणाली.

काळजीचं कारण नाही. वेबसाइटवर 'लेक व्ह्यू' टाकल्यापासून बुकिंग वाढलंय. आणि तळं दिसतं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की चांगलं दिसतं. आता कोणी बादलीवर चढलंच नाही, तर ती काय आमची जबाबदारी?

९ ऑक्टोबर

आज दोन पार्ट्यांचं बुकिंग होतं. इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होतो. आल्या नाहीत. बस लेट असेल.

१० ऑक्टोबर

आणखी एक पार्टी आली नाही. फोन केला तर उचलला नाही. आजकाल लोकांना शब्दाची किंमत नाही.

११ ऑक्टोबर, सकाळी नऊ

पेपर आला नाही. खाली उतरून बघतो तर पेपरवाला समोरच्या दुकानात पेपर टाकून निघालेला. हाक मारली. त्याने वळून पाहिलं आणि सायकल जागच्या जागी आडवी झाली.

मी वारलो आहे. मंगळवारी. हार्टने.

स्टँडवर सगळीकडे बोललं जातंय, म्हणाला. त्याने पेपर बंद केला कारण बायको वाचते की नाही त्याला माहीत नव्हतं. बिचाऱ्याने हात लावून खात्री करून घेतली. मग उद्यापासून टाकतो म्हणाला.

बायकोला सांगितलं. आधी खूप हसली. मग त्या न आलेल्या पार्ट्या तिला आठवल्या असाव्यात. हसणं थांबलं.

११ ऑक्टोबर, दुपार

तडक स्टँडवर गेलो. मला बघून सज्जन उठून उभा राहिला. इतर ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागले. मी विचारलं, मला मारलं कोणी? त्याने कानावर हात ठेवले. पॅसेंजर विचारतो, ते लॉज कसं आहे? आम्ही म्हणतो, मालकांचं काहीतरी झालं असं ऐकलं. एवढंच. पुढचं पॅसेंजर स्वतःच समजतो. मग हळहळतो. मग दुसरं चांगलं हॉटेल कुठलं ते विचारतो. आता विचारल्यावर माणसाने सांगायचं नाही का?

मी म्हटलं, अरे, लॉज बंद आहे एवढं तरी सांगायचंत. मला कशाला मारायचं?

तेव्हा तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "साहेब, बंद आहे सांगितलं की लोक फोन लावून बघतात. माणूस गेला म्हटलं की कोणी फोन लावत नाही. बरं दिसत नाही ना."

 यावरचं चोख उत्तर घरी येताना सुचलं, पण तोवर स्टँड लांब राहिलं होतं.

१३ ऑक्टोबर

साडूकडे गेलो. एसी केबिन, कोपऱ्यात मासे. मी उभा, मासे फिरतायत. त्याला फार वाईट वाटलं. पण हात वर केले. म्हणाला, माझ्या दारात जो गिऱ्हाईक उतरवतो त्याला मी कमिशन देतो. टॅक्सीत काय बोलणं होतं ते मला कसं कळणार? मी टॅक्सीत असतो का?

मी म्हटलं, ही फसवणूक आहे. तर म्हणतो, मी हॉटेल उघडलं त्या वर्षी आमची लिफ्ट अडकते आणि आत माणसं गुदमरतात असं टॅक्सीवाल्यांकरवी कोण पसरवत होतं?

दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक तर लिफ्ट खरंच एकदा अडकली होती. मी एकदाही वारलेलो नाही. आणि तो प्रचार होता. हे त्याला समजावणार होतो, पण त्याने चहा मागवला. चहा चांगला होता.

निघताना म्हणाला, दगदग होत असेल तर लॉज आम्ही बघू. चोराच्या उलट्या बोंबा.

१५ ऑक्टोबर

चौकीवर गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारत गेले. पाहुण्याला खोली मिळाली का? मिळाली. त्याची तक्रार आहे का? नाही. ड्रायव्हरने जास्त भाडं घेतलं का? नाही. हॉटेलने लुबाडलं का? नाही. मग फसलं कोण?

मी म्हटलं, मी. मी जिवंत असून मला मेलो म्हणतायत.

साहेबांनी विचारलं, कागदावर मेलात का? म्हटलं, नाही. मग जिवंत आहात, म्हणाले, घरी जा.

पर्यटन कचेरीत गेलो. तिथल्या बाई फारच चांगल्या. त्यांनी सांगितलं की तक्रार पर्यटकाने करायची असते. पण ज्याला कळतच नाही तो तक्रार कशी करणार, असं मी विचारलं. तोच तर प्रॉब्लेम आहे, असं त्याही म्हणाल्या. आमचं या बाबतीत पूर्ण एकमत झालं आणि मी परत आलो.

टोलवाटोलवी. सगळ्यांनी माझा चेंडू केलाय. ठरवलं, आता आपणच जनजागृती करायची. कर नाही त्याला डर कशाला!

गीझरवाल्याचा नंबर सापडत नाही.

२० ऑक्टोबर

भव्य बोर्ड करायला टाकला. मजकूर माझाच: 'प्रवाशांनो, सावधान! स्टँडवर जवळ येऊन गोड बोलणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका!' खाली लॉजचं नाव, आणि माझा मोठा हसरा फोटो. म्हणजे मी जिवंत आहे हे वेगळं सांगायला नको. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बायकोने विचारलं, यापेक्षा कमिशन स्वस्त पडलं नसतं का?  काही प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचे नसतात.

२४ ऑक्टोबर

स्टँडवर बोर्ड लागला. पेंटरने स्वतःच्या डोक्याने फोटोभोवती जाड काळी चौकट काढली. विचारलं तर म्हणतो, तुमचा रंग उजळ, शर्ट पांढरा, मागे भिंत पांढरी. चौकट नसती तर तुम्ही दिसलाच नसता.

स्टँडवरून येणारी-जाणारी माणसं बोर्डासमोर क्षणभर थांबतात. एका गृहस्थांनी टोपी काढली.

२६ ऑक्टोबर

पेंटर परगावी गेलाय. चौकट तशीच. हरकत नाही. आता स्वतः मैदानात उतरायचं. उद्या एका जोडप्याचं बुकिंग आहे. बस थांबल्या थांबल्या त्यांना गाठायचं. मी जिवंत आहे हे त्यांना माझ्याच तोंडून कळेल. बघू सज्जन काय करतो ते.

२७ ऑक्टोबर

जोडपं उतरलं. मी पुढे झालो, नमस्कार केला, बॅगेला हात घातला. म्हटलं, तुमचं बुकिंग आमच्याकडेच आहे, मी मालक. अगदी गोड बोललो.

गृहस्थांनी बॅग माझ्या हातातून सोडवली. मला मागचा बोर्ड दाखवला. मोठ्याने वाचून दाखवला. मग माझ्या फोटोकडे बोट करून म्हणाले, निदान गेलेल्या माणसाची तरी लाज बाळगा. त्यांची बायको त्यांना म्हणाली, जाऊ द्या हो, तोंडाला तोंड नको.

सज्जनने दार उघडलं, ते बसले. गाडी वळताना त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू असतं तर बरं वाटलं असतं. त्याला माझी कीव आली होती.

२ नोव्हेंबर

सगळ्या खोल्या रिकाम्या. बायको बोलत नाही. बहिणीशी फोनवर बोलते, मी आलो की 'हं हं' करते.

लेकीचा फोन. तिच्या ऑफिसातलं कोणीतरी इथे येऊन गेलं आणि तिला सुट्टी का घेतली नाहीस म्हणून विचारायला लागलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही एकदाचं मिटवा ना ते. मी म्हटलं, बेटा, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, आईला फोन द्या.

८ नोव्हेंबर, दुपार

पाहुणे आले! रिटायर्ड मास्तर आणि त्यांची पत्नी. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे कोणी मला दोष द्यायला नको.

मी गच्चीवर टाकी साफ करत होतो. बनियन, हाफ पँट, अंगभर शेवाळ. काउंटरवर बायको. हिला चार दिवस सर्दी. हे दोघे आत आले तेव्हा ही नाक पुसत होती, डोळे लाल. बाईंनी एकदम हिचे हात हातात घेतले. टॅक्सीत कळलं म्हणाल्या. साडूच्या हॉटेलात न्यायचा टॅक्सीवाल्याने फार आग्रह केला, पण यांनीच ऐकलं नाही. म्हणाले, त्या बाई एकट्या पडल्या असतील, अशा वेळी आपण बुकिंग मोडून जायचं? माणुसकी आहे की नाही?

मी ओलागच्च खाली आलो. खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, बॅगा वर न्या. नेल्या. मास्तरांनी माझ्या हातावर बक्षिसी ठेवली. घेतली नसती तर विषय वाढला असता.

संध्याकाळ

बायकोला म्हटलं, हे खोटेपणाचं आहे. आपल्याला हे शोभत नाही.

ती म्हणाली, "मी काय बोलले? एक शब्द तरी बोलले का मी?"

खरं आहे. एक शब्द बोलली नाही. नुसती शिंकली.

म्हणाली, आता सांगितलं तर त्या भल्या माणसांना किती ओशाळं होईल. चार दिवस राहणार आहेत, जाताना सांगू. पटलं. पाहुण्यांच्या भावना जपणं हाच आपला धंदा.

१२ नोव्हेंबर

मास्तर गेले. सांगायचं राहिलं. निघताना बाई रडायला लागल्या, त्यात कसं सांगणार?

सात नंबरमध्ये होते. गीझरबद्दल चकार शब्द नाही. एकट्या बाईने कुठे कुठे बघायचं, असं आपसात बोलताना मी स्वतः ऐकलं. स्वयंपाकघरातून गरम पाण्याची बादली नेऊन देत होतो तर मास्तर म्हणाले, मालकीणबाईंना त्रास देऊ नका, आम्ही गार पाण्याने करू. मी असताना गेल्या वर्षी याच गीझरवरून एका गृहस्थाने माझी कॉलर धरली होती.

१७ नोव्हेंबर

सज्जन मागच्या दाराने आला. वाटलं, माफी मागायला. तो बायकोशी बोलायला आला होता.

म्हणाला, बाई, अलीकडे तुमच्याबद्दल सांगितलं की निम्मे पॅसेंजर इकडेच सोडा म्हणतात. आणि मन हललेलं असलं की उतरताना भाड्यावर चांगले पैसे ठेवतात. साडूसाहेबांच्या कमिशनपेक्षा ते परवडतं. तर आता सगळे ड्रायव्हर 'मालक वारले'च्या पुढे 'बाई एकट्या चालवतात' एवढं जोडणार आहेत. तुमचं कमिशन नको. हरकत नाही ना?

बायकोने त्याला चहा दिला.

मी मध्ये पडलो. विचारलं, माझी हरकत असेल तर? सज्जन उठून उभा राहिला. मला तो फार मान देतो. म्हणाला, साहेब, तुमच्यामुळेच तर सगळं चाललंय.

हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी कमिशन बंद केलं आणि बघा, कमिशनशिवाय धंदा सुरू झाला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. उशिरा का होईना, लोकांना कळते.

२५ नोव्हेंबर

सगळ्या खोल्या भरल्या! किती वर्षांनी!

साडू चौकीवर गेला होता, असं कळलं. टॅक्सीवाले आणि माझी बायको मिळून पर्यटकांना फसवतायत, अशी तक्रार. साहेबांनी त्याला विचारलं, पाहुण्यांना खोली मिळाली का? मिळाली. त्यांची तक्रार आहे का? नाही. मग फसलं कोण? साहेबांबद्दल माझं मत बदललं. न्यायी माणूस आहे.

माझ्यापुरता नियम केलाय: आपण खोटं बोलायचं नाही. कोणी सरळ विचारलं, तुम्ही मालक का, तर सरळ हो म्हणायचं. कोणी विचारत नाही. चहा आणता का, एवढंच विचारतात.

३ डिसेंबर

एका इंजिनिअर पाहुण्याने सात नंबरचा गीझर स्वतःच उघडून दुरुस्त केला. मालकीणबाईंसाठी एवढं तरी करू द्या, म्हणाला. मी स्क्रू ड्रायव्हर धरून उभा होतो.

वरच्या मजल्यावरच्या मुलीने तळं कुठून दिसतं विचारलं. बादलीचं सांगितलं. तिच्या आईने तिला दटावलं, असं विचारू नये, त्यांच्यावर काय प्रसंग आहे.

८ डिसेंबर

नगरपालिकेने स्टँडवरचा माझा बोर्ड काढून लॉजवर आणून टाकला. कोणा पाहुण्याने फोटोचा भाग नीट कापून, काउंटरमागे खिळा ठोकून टांगला. काळ्या चौकटीसकट. काढायचा म्हटलं तर बायको म्हणाली, ज्याने एवढ्या मायेने लावलाय तो शुक्रवारपर्यंत आहे.

रोज सकाळी मीच पुसतो. फोटो चांगला आलाय.

आज एका तरुणाने थांबून विचारलं, कसे होते हो मालक? मनात आलं, आता सत्यच सांगायचं. सांगितलं. तत्त्वाचा माणूस. कोणापुढे वाकला नाही. व्यवस्थेशी एकटा झुंजला. तो तरुण भारावून ऐकत होता. काउंटरवरून बायको म्हणाली, आणि दोन वर्षं गीझर दुरुस्त केला नाही. तिला विषयाचं गांभीर्य राहत नाही.

१९ डिसेंबर

बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं, लॉज चालवायला देत नाही. आम्ही बघू आमचं. 'आम्ही' म्हणाली. मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

जिंकलो. लॉज वाचलं. आता हा पोरखेळ पुरे. नव्या वर्षात माझी खुर्ची, माझं काउंटर. उद्या रात्रीच्या जेवणाला डायनिंग हॉल भरलेला असेल, तेव्हा सगळ्यांसमोर जाहीर करायचं. भाषणाचे मुद्दे: प्रवाशांची फसवणूक, जबाबदारी कोणाची, आणि मी. इस्त्रीचा शर्ट बाहेर काढून ठेवलाय.

२१ डिसेंबर, सकाळ

काल काही लिहिलं नाही.

पाहुणे जेवत होते. मी ताटलीवर चमचा वाजवला. म्हटलं, मंडळी, मला काही सांगायचंय. तुम्हाला टॅक्सीत सांगितलं ते साफ खोटं आहे. मालक गेलेले नाहीत. या लॉजचा मालक मीच आहे.

 एकाने दारातून दिसणाऱ्या काउंटरमागच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोटोत मी केसांना डाय केला होता. पुढच्या टेबलावर एक आजीबाई होत्या. त्या उठून माझ्याजवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला खुर्चीवर बसवलं. मग हिला हळूच विचारलं, फार वर्षं होते का हे साहेबांकडे?

सगळा हॉल हिच्याकडे बघत होता. मीही बघत होतो. हिने हातातलं भांडं खाली ठेवलं. भरलेल्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगणार.

म्हणाली, "फार जीव होता दोघांचा एकमेकांवर."

मग कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

मागे स्वयंपाकघरात गेलो. ही उभ्या उभ्या रडत होती. सर्दी नव्हती. मी आलो तरी थांबली नाही. म्हटलं, अगं, एवढं काय त्यात. आणि भांडी पुसायला घेतली. आणखी काय करणार?

२२ डिसेंबर

आजीबाई आज गेल्या. निघताना हिला बाजूला घेऊन समजावत होत्या. मी बॅगा धरून दारात होतो, सगळं ऐकू आलं. म्हणाल्या, म्हातारा जरा भ्रमिष्ट झालाय, पण मनाने चांगला आहे. या वयात कुठे जाईल? त्याला काढू मात्र नका.

ही म्हणाली, "नाही काढणार."

बरं वाटलं.